बांधाच्या पोटातली सायकल

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. माझ्यावरून तुम्ही रोज चालता, पण मी तुम्हाला दिसत नाही. बोर्ली पंचतनच्या पुढे खाडीलगत मातीचा बांध आहे ना, त्याच्या पोटात मी आडवी पडले आहे.

माझा जन्म कारखान्यातला. रंग हिरवा, घंटा खणखणीत. १९५६ साली माझ्या मालकाने, तुळशीरामने, माझ्यावरून अलिबागेहून हरिहरेश्वरची वाट धरली. गाव लागलं की तो उतरे आणि लोकांच्या कामाला हात लावी. काशीदला त्याने विहिरीतला गाळ उपसला, पुढे एका शाळेची भिंत लिंपली. संध्याकाळी कीर्तन असलं की तो देवळात टाळ धरी, मी बाहेर भिंतीला टेकून ऐके. हरिनाम लोखंडालाही गोड लागतं हो! पण मला कोणी आत बोलावलं नाही.

महाशिवरात्रीचं कीर्तन हरिहरेश्वरलाच ऐकायचं, असा त्याचा नेम. नेमका त्याच दुपारी इथला बांध फुटलेला दिसला. दुसऱ्या दिवशी अवसेचं उधाण. खारं पाणी भरलं असतं, तर बांधाआडच्या सोनाबाईचं भातखाचर कित्येक वर्षं पिकलं नसतं. इथे ज्याने त्याने बांधाचा आपला तुकडा लिंपायचा. सोनाबाई आणि शेजारचे अलीमियाँ यांच्या हद्दीवरची खेकड्यांची भोकं मात्र तशीच राहिली होती, आणि तिथेच बांध फुटला.

"तुमचा तुकडा म्हनून मी हात लावला न्हाय, भाईजान," सोनाबाई रडवेली झाली.

"आनि मी तुझा म्हनून!" अलीमियाँनी कपाळावर हात मारला. "आपली अदब खेकड्यांना कुठं ठावी?"

तुळशीराम चिखलात उतरला.

"बुवा, तुमचं कीर्तन चुकंल की!"

"चुकू दे, सोनाबाई. देव थांबेल. पाणी थांबायचं नाही."

ओहोटीत सगळे राबले. पण पेंढा टाकावा आणि पाण्याने ओढून न्यावा. खुंटही टिकेनात. दिवेलागणीला तुळशीरामने माझ्याकडे पाहिलं. सीटवरून हात फिरवला आणि म्हणाला, "हिला आडवी घाला." माझ्या चाकांत पेंढा अडकला, वर चिखल पडला. बांध सांधला.

अवसेचं उधाण माझ्यावर आदळून परत गेलं. तुळशीराम पायीच निघाला. माझ्यावर त्याची पावलं क्षणभर थबकली, मग दूर गेली. तो पुन्हा आला नाही. शेत दरसाल पिकतं. माझी आठवण कोणी काढत नाही.

मित्रांनो, मला वर काढू नका. बांध खचलेला दिसला, तर तो कुणाचा हे विचारू नका, ओंजळभर चिखल थापा. आणि घटकाभर बसून दोन शब्द बोला. मातीतून आवाज खाली येतो.