आकाशबाबांची पेटी

रांग जिन्यावरून थेट फुटपाथपर्यंत आलेली, आणि जो तो नाक वर करून हुंगत होता. म्हणे आभाळाचा वास येतो. वरच्या हॉलमध्ये आकाशबाबा बसले होते. फ्रिजच्या आणि स्प्रेच्या गॅसने ओझोनचा थर फाटला, हे लोकांनी शाळेत वाचलेलं. बाबांनी पुढचं जोडलं. ते तपाने ओझोन खाली बोलावतात, दमेकऱ्यांना पाजतात आणि त्यांच्या उच्छ्वासाने वरचं भोक बुजवतात. एका तिकिटात दोन खेळ.

मी पोट धरून हसलो असतो, पण रांगेत माझी ताई होती. बाबांनी तिचा दम्याचा पंप बंद करायला लावला होता आणि आठवडाभरात तिला चार पायऱ्या चढवेनात. आधी रोग उफाळतो, मग जातो, असं बाबांचं म्हणणं. भाऊजी त्यावर मान डोलवायचे, आणि तिचा पंपही त्यांनीच खिशात ठेवून घेतला होता. माझा नुसता संताप झाला होता.

मी वीस वर्षं झेरॉक्सची मशीनं दुरुस्त करतोय. हॉलमध्ये शिरताच वास ओळखला. जुनं मशीन बंद खोलीत दिवसभर चाललं की असाच झणझणीत वास सुटतो. ओझोन खराच होता, पण तपाचा नव्हे, विजेचा. आणि ताणलेलं रबर ओझोनमध्ये तडकतं, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असतं.

मग मी दोन डब्यांना रबरबँड ताणून लावले. एक खाली चपला सांभाळणाऱ्या मावशींकडे दिला, दुसरा आशीर्वादासाठी म्हणून बाबांच्या आसनाशी ठेवला. बाबा खूश. तासाभराने सगळ्यांसमोर दोन्ही डबे शेजारी मांडले. मावशींकडचं रबर ठणठणीत, बाबांकडचं चिरा पडून तुटलेलं.

"बाबा, रबराची ही गत, तर माझ्या ताईच्या फुफ्फुसांची काय?"

बाबा म्हणाले, रबराची श्रद्धा कमी पडली. लोक हसले, तेवढ्यात मी आसनाखालचा पडदा सारला. आत एक पेटी गुरगुरत होती. हॉटेलवाले रिकाम्या खोलीतला कुबट वास घालवायला वापरतात, तसली. तिच्यावरची सूचना ताईनेच धापा टाकत वाचली: "चालू असताना खोलीत थांबू नये."

मग तिने भाऊजींपुढे हात केला. "माझा पंप द्या."

ओझोन उंचावर असतो तेव्हा आपल्याला उन्हापासून राखतो. छातीत गेला की जाळतो. खोलीतला ओझोन वरच्या थरापर्यंत पोचत नाही, वाटेतच मोडतो. वरचा थर आपल्याच गॅसने विरला, आणि देशोदेशींनी तो गॅस बनवणं बंद केलं म्हणून सावकाश भरून येतोय. कुणाच्या तपाने नाही. तेव्हा चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी खाली वाकून बघा, आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध कुणाच्याही सांगण्यावरून सोडू नका.