लाल रंगाची पट्टी

"माझं कुंकू कुठं गेलं?" मनकर्णाबाईंनी संगणकाच्या पडद्यावर बोटच ठेवलं.

सिद्धोधन वरमला. सेलूतल्या या फोटो स्टुडिओत त्याची बावीस वर्षं गेली होती. शाळेची स्मरणिका काळ्या-पांढऱ्यात छापायची, म्हणून त्याने बाईंचा रंगीत फोटो बदलायला घेतला आणि हाताच्या सवयीने लाल रंगाची पट्टी उजवीकडे सरकवली. तसं केलं की चेहरा उजळतो. गिऱ्हाइकाला तेच हवं असतं, मग आपण कशाला शहाणपणा करायचा! पण चेहऱ्याबरोबर लाल तेवढं सगळंच उजळतं. बाईंचं रुपयाएवढं कुंकू कपाळाच्या रंगात पार विरघळून गेलं होतं.

"ऱ्हाऊ द्या तसंच," शेजारच्या खुर्चीवरून बालाजी म्हणाला. तो बाईंचा दीर, आणि स्मरणिकेच्या कमिटीतला. "वहिनी, चार गावात जाईल हे पुस्तक. विधवा बाईच्या कपाळाला कुंकू! लोक काय म्हणतील?"

"भावजी, ह्याच कपाळानं शाळेत खिचडी शिजवायलेय मी इतकी वर्सं. कुण्या लेकराला बाधली न्हाई. तुमचे भाऊ गेले तवा तुमीच पुसाया लावलं. दुसऱ्या दिशी मी परत लावलं. आता मशीनीनं पुसायलाव व्हय?"

सिद्धोधनच्या बौद्ध घरात कुंकवाचं काही नव्हतं. पण त्याला लाज वाटली. आई गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या पत्रिकेसाठी त्याने तिलाही असंच गोरं केलं होतं, आणि भिंतीवरचा तो फोटो त्याला कधी आईचा वाटलाच नव्हता.

"सिद्धोधन, मी सांगायलोय तसं कर. काम कमिटीचं हाय."

"फोटो मावशीचा हाय," तो म्हणाला. एरवी गिऱ्हाइकासमोर त्याच्या तोंडून ब्र निघत नसे.

त्याने लाल पट्टी पार डावीकडे ओढली. कुंकू काळंभोर उमटलं. चेहराही गडद झाला, चुलीपुढे पडलेल्या सगळ्या सुरकुत्या दिसू लागल्या.

"मावशी, लय काळं दिसायलंय. चेहऱ्यापुरतं उजळ करू का?"

"कशाला? हाय तशी हाय मी."

बालाजी खुर्ची मागे ढकलून उठला. "मग हा फोटो पुस्तकात येनार न्हाई. सांगून ठेवतो!"

"नका घेऊ," बाई म्हणाल्या आणि सिद्धोधनकडे वळल्या. "भाऊ, मला ह्योच मोठा काढून दे."

सिद्धोधनने भिंतीवर लावण्याएवढा फोटो काढला आणि पाकीट पुढे केलं. बाईंनी पाकीट घेतलं नाही. पदर सारखा करून त्यांनी फोटोचं तोंड लोकांकडे केलं, तो छातीशी धरला आणि भर बाजारातून स्टँडकडे चालू लागल्या.