रंगूबाईच्या नावाचं पातेलं

मी एक पितळी पातेलं बोलतोय. नाशिकच्या तांबट आळीत ठोके खात खात मी घडलो. लग्नाची अख्खी पंगत जेवेल एवढं वरण शिजावं, असं माझं पोट.

मला घडवून घेतलं सिन्नरकडच्या एका खेड्यातल्या भिमाजीतात्यांनी. त्यांची बायको रंगूबाई गावातल्या प्रत्येक कार्याचा स्वयंपाक करायची. भांडी मात्र सिन्नरहून भाड्याने आणावी लागत. "गावाला आपलं एक पातेलं पायजे हो," ती म्हणायची. म्हणता म्हणता गेली. तिच्या वर्षश्राद्धाला तात्यांनी मला आणलं. माझ्या काठावर 'कै. रंगूबाई यांच्या स्मरणार्थ' असं कोरून घेतलं होतं.

नेमकी तेव्हाच ग्रामपंचायतीची निवडणूक लागलेली. सत्त्याण्णव साल. तात्याही उभे होते. मारुतीच्या देवळापुढे मला गावाच्या हवाली करताना त्यांचे डोळे भरले होते. तेवढ्यात गर्दीतून शेजारचा केरू ओरडला, "तात्या, नुसतंच पातेलं व्हय? वरण कवा?"

सगळे हसले. तात्याही डोळे पुसून हसले. "वरणबी मिळंल लेका. आधी मतं तर टाका मला!"

तात्या निवडून आले. हरलेले रावजी कोर्टात गेले. पुरावा म्हणून मलाही टेम्पोत घालून नेलं. व्हरांड्यात वकील तात्यांना म्हणाले, "असं बोललोच नाही म्हणा. सुटाल."

तात्या माझ्या काठावरून हात फिरवत राहिले. आत गेल्यावर म्हणाले, "बोललो साहेब. हसण्यावारी बोललो, पण बोललो."

हातावर नोटा ठेवल्या तरच लाच, असं गावाला वाटायचं. मलाही. न्यायाधीशांनी शांतपणे समजावलं. वस्तू असो, जेवण असो, की नुसता शब्द. एकाला दिलं काय नि साऱ्या गावाला दिलं काय, उमेदवाराने मतासाठी दिलं की ती लाच. "बायकोची आठवण खरी असेल," ते म्हणाले, "पण तुम्ही तिच्या शेजारी मत आणून ठेवलंत."

निवड रद्द झाली. निकाल चुकला असं मी म्हणणार नाही.

पण गावी परतल्यावर मला कुणी चुलीवर चढवेना. नवसाबाईच्या मुलीचं लग्न निघालं, तेव्हा तात्या आपण होऊन तिला म्हणाले, "आपलं पातेलं ने गं." ती खाली बघत म्हणाली, "नको तात्या. लोक म्हणतील, लाचेच्या पातेल्यात रांधलं."

पद गेलं तेव्हा तात्या रडले नव्हते. त्या दिवशी रडले.

पुढे तेही गेले. त्यांच्या तेराव्याची भांडीसुद्धा सिन्नरहून भाड्याने आली. मी तेव्हा तात्यांच्याच गोठ्यात होतो, अजून तिथेच आहे. माझ्यात म्हशीची पेंड भिजते. कल्हई उडालीय, आतून हिरवट थर चढलाय. नाव तेवढं वाचता येतं.

बाबांनो, एकदा मला घासा, कल्हई लावा, रंगूबाईच्या नावाने चार माणसं जेवू घाला. आता माझ्यातलं खाल्लंत तर कुणालाच मत द्यावं लागणार नाही.