पाचच्या खालची अट

सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी इस्पितळाच्या चाळीस सर्व्हरांवरचं अद्ययावतीकरण सुरू होण्याआधीच अडलं. बारा वाजता जुनं सुरक्षा प्रमाणपत्र संपणार होतं. नवं बसलं नाही तर डॉक्टरांना पडद्यावर एकही तपासणी अहवाल दिसणार नव्हता.

प्रमाणपत्र बसवणाऱ्या सॉफ्टवेअर मॉड्यूलला एका सामायिक लायब्ररीची, म्हणजे अनेक मॉड्यूल वापरतात त्या तयार कोडची, पाचवी आवृत्ती हवी होती. डेटाबेसचं मॉड्यूल मात्र पाचच्या खालचीच मागत होतं, आणि एका सर्व्हरवर एकच आवृत्ती बसू शकत होती.

"ही अट कुणी घातली?" ताईनं विचारलं. सगळी टीम तिला ताईच म्हणे.

"मीच, तीन वर्षांपूर्वी," टीमचे प्रमुख असलेले साहेब म्हणाले.

"पाचवीत काय बिघडलं होतं?"

"पाचवी तेव्हा आलीच नव्हती. म्हटलं, आपली खबरदारी असावी."

"म्हणजे जावई जन्माला यायच्या आधीच तुम्ही त्याला दारात अडवलंत."

साहेब हसले. "काढ ती अट. आधी चाचणीच्या सर्व्हरवर बघ."

तिथं पाचव्या आवृत्तीवर डेटाबेस बिनतक्रार सुरू झाला. ताईला तेच अपेक्षित होतं. तिनं बदल सगळीकडे पाठवला.

अकरा बावन्नला एकोणचाळीस सर्व्हरांवर नवं प्रमाणपत्र बसलं होतं. चाळिसावा, म्हणजे अहवालांचा डेटाबेस असलेला, पाचवी आवृत्ती बसवल्यावर अजून उत्तर देत नव्हता.