भिंतीमागचा खट्

मी एक जुना कॉन्टॅक्टर आहे. माझं नाव ऐकलेलं नाही ना? वाटलंच मला. एसी सगळ्यांना ठाऊक असतो, रिमोटवरून तर घराघरांत भांडणं होतात. पण बाहेरच्या डब्यात उन्हाधुळीत बसून राबणारा मी मात्र बंद पडल्याशिवाय कुणाला आठवत नाही. याचा मला राग नाही. म्हणजे, आहे थोडासा.

मित्रांनो, आधी माझं काम सांगतो, म्हणजे पुढची गोष्ट नीट कळेल. हवा गार करणाऱ्या कॉम्प्रेसरला भरपूर वीज लागते. एवढी वीज खोलीतल्या नाजूक बटणातून नेली, तर ते जळूनच जाईल. म्हणून खोलीत माझा धाकटा भाऊ बसवतात, त्याचं नाव रिले. खोली तापली की तो मला थोडीशी वीज पाठवतो. माझ्या पोटात तांब्याच्या तारेचं वेटोळं आहे. वीज आली की त्याचं लोहचुंबक होतं आणि ते वरची पट्टी खाली ओढतं. मग माझ्या चांदीच्या टिकल्या एकमेकींना भिडतात, खट् असा आवाज होतो आणि मोठी वीज कॉम्प्रेसरकडे धावते. खोली गार झाली की रिले वीज थांबवतो, स्प्रिंग पट्टीला वर ढकलते आणि कॉम्प्रेसर विसावतो. धरायचं आणि सोडायचं, एवढंच माझं काम. पण दोन्ही वेळेवर झालं पाहिजे.

कारखान्यातून निघून मी आधी वाशिमच्या एका मोठ्या कापड दुकानात लागलो. गिऱ्हाईक आत आलं की म्हणायचं, "वा, काय गारवा आहे!" शेठ खूश, कॉम्प्रेसर खूश. माझं नाव कोण घेणार? पुढे दुकानात नवं मशीन आलं आणि आमचं जुनं मशीन गोदामात जाऊन पडलं. तिथे कबुतरांनी माझ्या डब्यावर संसार थाटला. ते दिवस आठवले की अजून अंग आकसतं.

तिथून मला सोडवलं लखीरामने. मानोऱ्याजवळच्या एका तांड्यावर तो आणि त्याची बायको सोनीबाई राहतात. दरवर्षी दसरा झाला की ती दोघं टोळीबरोबर ऊस तोडायला जायची. सहा महिने परमुलखात. लेक अंजू बरोबर जायची, की तिची शाळा सुटायची. यंदा त्यांनी ठरवलं, जायचं नाही. तांड्यातल्या काही जणांनी तुतीची बाग लावली होती. त्यांच्यासाठी रेशमाच्या इवल्याशा अळ्या सुरुवातीचे दिवस सांभाळून द्यायच्या, असं काम सोनीबाईने अंगावर घेतलं. पण या अळ्या भारी नाजूक! खोली तापली की पाला सोडतात, पाला सोडला की मरतात. म्हणून लखीरामने आमचं जुनं मशीन विकत घेऊन त्यांच्या खोलीला लावलं. पहिलीच खेप हातची गेली असती, तर तिघांनाही टोळीच्या गाडीत चढावं लागलं असतं.

सोनीबाईने जिवापाड जपलं हो अळ्यांना. तुतीची कोवळी पानं बारीक चिरायची, हात धुतल्याशिवाय ट्रेला शिवायची नाही. मुंग्या अळ्यांना खातात, म्हणून स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या आणि दाराशी चुन्याची रेघ ओढली. पण मुंग्यांना मारायला तिचा जीव होईना. लहानपणापासून तिची सवय होती, रोज सकाळी मुंग्यांना साखर घातलेलं पीठ टाकायची. तिने विचार केला, बाहेरच यांचं पोट भरलं तर आत कशाला येतील? म्हणून ती रोज मूठभर पीठ खोलीच्या मागच्या भिंतीशी टाकू लागली.

मागच्या भिंतीशी कोण होतं? मी होतो!

मुंग्या पीठ खायच्या आणि माझ्या उबदार डब्यात मुक्कामाला यायच्या. मला काही हाकलता येईना, ओरडता येईना. दर वेळी पट्टी खाली आली की चार-दोन चिरडायच्या, आणि त्यांच्या जागी दुसऱ्या यायच्या. शेवटी एका दुपारी, ऑक्टोबरच्या रणरणत्या उन्हात, रिलेने हाक मारली, मी सगळी ताकद लावली, पण पट्टी पुरती बसेना. टिकल्यांच्या मध्ये मेलेल्या मुंग्यांचा थर! मी नुसता भुणभुणत राहिलो. कॉम्प्रेसर गप्प. आतला पंखा मात्र फिरत होता, म्हणून कुणाला लवकर कळलंही नाही.

"वारा येऊन राह्यला, मंग खोली काहून तापली?" सोनीबाई घाबरून म्हणाली. ट्रेमधल्या अळ्यांनी पानं सोडली होती.

"कॉम्प्रेसर बसला असन," लखीराम म्हणाला. त्याने माझ्या डब्याचं झाकण काढलं आणि वाळकी काडी उचलली. "विहिरीवरचा स्टार्टर असाच काडी खोचून चालवला होता ना मी. दाबली की चालू."

माझी पाचावर धारण बसली. काडी खोचली असती, तर मला सोडताच आलं नसतं. खोली कितीही गारठली तरी कॉम्प्रेसर धावतच राहिला असता. आणि माझ्या अंगावरून जिवंत वीज खेळत होती. त्याचा हात घसरला असता तर?

सोनीबाईने त्याचं मनगट धरलं. "काडी टाका! अळ्यांपायी तुमाले गमावू का मी?"

मग तिने शेलूबाजारच्या धरमसिंगला फोन लावला. तो मशीन दुरुस्त करतो. त्याने विचारलं, "वयनी, मांगून खट् आवाज येते का?"

"नाई भाऊ. रोज पाला चिरता चिरता आयकत होती मी. आज नुसतं भुंग्यावानी भुणभुण करून राह्यलं."

"मंग कॉम्प्रेसर गेला नसन. मेन स्विच बंद करा, आत कोनी हात घालू नका. निघालोच मी."

मित्रांनो, रोज माझा आवाज कुणीतरी ऐकत होतं! एवढ्या वर्षांत मला ते पहिल्यांदा कळलं.

धरमसिंग येईपर्यंत सोनीबाई आणि अंजू खिडक्यांवर ओली पोती टांगत होत्या. लखीराम रस्त्याकडे डोळे लावून उभा होता. मोटरसायकल आली. धरमसिंगने आधी वीज बंद असल्याची खात्री केली, मग माझ्यात डोकावून तो मोठ्याने हसला. "अरे बापरे! इथं त वारूळच बसवलं तुमी!"

अंजूने भिंतीशी पडलेल्या पिठाकडे पाहिलं, मग आईकडे. "याडी, तुझं पीठ..."

सोनीबाईचा चेहरा उतरला. "मीच बोलावलं ना त्यायले."

"पुन्य करा ना वयनी, पन जरा दूर करा," धरमसिंग म्हणाला.

लखीरामने हळूच विचारलं, "अन् काडी खोचली असती त?"

"त मी मशीन नाई, तुमाले पाहाले आलो असतो."

त्याने मला ब्रशने झाडलं, कोरड्या फडक्याने टिकल्या पुसल्या. पॉलिशपेपर लावला नाही, कारण त्याने चांदी निघून जाते. तारा आत येतात ते भोक बुजवलं, जाळी लावली. "जुना आहे, पन हे खेप काढते. पुढच्या चकरेत नवा आनतो," म्हणाला आणि मेन स्विच चालू केला.

रिलेने हाक दिली. मी ओढलं.

खट्!

सोनीबाई उंबऱ्यावर मटकन बसली आणि पदरात तोंड लपवून रडली, मग हसली. थोड्या वेळाने अळ्या पुन्हा पाला कुरतडू लागल्या, आणि त्यांची ती बारीक सरसर मला भिंतीपलीकडून ऐकू आली. मोठं ओझं उतरलं हो डोक्यावरून.

आता पीठ पार बांधावरच्या बाभळीखाली पडतं. मित्रांनो, तुमच्याही घरामागे माझा एखादा भाऊबंद बसला असेल. हंगामाआधी जाणकाराकडून त्याचा डबा उघडून साफ करून घ्या. त्याला काड्या खोचू नका. आणि जाता-येता त्याच्याकडे कान द्या, बिचारा दुखणं आवाजानेच सांगतो.

परवा तांड्यावर टोळीची गाडी आली. बराच वेळ हॉर्न वाजला. सोनीबाई आत पाला चिरत होती, अंजू दप्तर घेऊन शाळेला निघाली होती. गाडी त्यांना न घेताच निघून गेली. खोली जरा तापली होती, रिलेने हाक दिली, आणि मी नेहमीसारखा खट् वाजलो.

"चालू हाये," सोनीबाई म्हणाली, आणि तिने दुसरी जुडी चिरायला घेतली.