आईचं दुखणं मुलाच्या तोंडून

मी दुभाषी मागितला आणि माझ्या नवऱ्याचं, यतीनचं डोकं फिरलं.

"सहा वर्षं इथं अमेरिकेत, अर्विंगमध्ये क्लायंटशी बोलतोय मी," क्लिनिकच्या वेटिंग रूममध्ये तो दातओठ खात म्हणाला. "माझ्या आईचं मी सांगू शकत नाही? लोक काय म्हणतील, याला इंग्लिश येत नाही?"

डोंबल तुझं इंग्लिश. सासूबाई त्याला खरं सांगतच नव्हत्या, तर तो काय कप्पाळ सांगणार?

याआधी दोनदा आलो होतो. डॉक्टरीणबाई विचारायच्या, यतीन मराठीत सांगायचा आणि सासूबाई पदराशी चाळा करत म्हणायच्या, "पोटात जळजळतं." यतीन ॲसिडिटी सांगून मोकळा. गोळ्या घेऊन घरी. इकडे बाथरूममधले माझे पॅड दर आठवड्याला संपत होते. चौसष्टाव्या वर्षी बाईला पाळी येते का? विचारलं तर म्हणाल्या, "मला काय करायचेत ते?" मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं असतं, तर त्यांनी यतीनलाच विचारायला लावलं असतं. सासूबाईंनी कानांवर हात ठेवले असते. मुलासमोर असलं बोलायचं नाही, मेलं तरी. मला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मी भांडते.

काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मुलगा आहे ना सोबत?"

"सरकारी पैसा घेता ना? मग दुभाषी फुकट द्यायचा, असा नियम आहे. तुमच्याच भिंतीवर लावलाय," मी म्हटलं. "मुलगा चालणार नाही."

"हिंदी?"

"चालेल," यतीन मध्येच.

"नाही चालणार. मराठीच पाहिजे. तू गप्प बस."

तिनं डोळे फिरवले, सुपरवायझरला बोलावलं, पाऊण तास बसवून ठेवलं. मी हलले नाही. शेवटी फोनवर मराठी बाई मिळाली. यतीनला बाहेर काढलं. तो दार आपटून गेला.

स्पीकरवरून आवाज आला, "नमस्कार काकू. इथलं बोलणं मी कुणाला सांगणार नाही."

सासूबाईंनी फोन जवळ ओढला. मग म्हणाल्या, "सुनेलापण बाहेर पाठवा."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एवढी भांडले ती कुणासाठी?

अर्ध्या तासानं त्यांनी स्वतःच मला आत बोलावलं. डॉक्टरीणबाई बायोप्सीची तयारी करत होत्या. संमतीच्या कागदावर सासूबाईंची मराठीत सही होती.

"इथं आल्यापासून अंगावरून जातंय," त्या म्हणाल्या. "पाच महिने. त्या बाईंना सगळं सांगितलं."

"मला का नाही सांगितलंत, आई? मी विचारलं होतं ना?"

"तू विचारतेस तेव्हा ओरडतेस गं. मला तुझी भीती वाटते."

नर्स आली. सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि हळूच विचारलं, "मी थांब म्हणाले तर थांबशील का?"

मी खुर्ची ओढली.