अंदाजे त्रेसष्ट

माझा बाप बलखीर सरकारी कागदावर जन्मला तेव्हा नऊ वर्षांचा होता. कारकून जीपमधून रगानला आला, खजुरीच्या सावलीत टेबल टाकून बसला आणि समोरच्या काटकुळ्या पोराकडे बघून त्याने लिहिलं: जन्म अंदाजे १९६३. पाच वर्षांचा वाटला म्हणे. नऊचा दिसायला त्याला कुणी खायला घातलं होतं?

'अंदाजे' या एका शब्दाने आमचा घात केला. साठ सालच्या फेब्रुवारीत फ्रेंचांनी आमच्या रगानच्या वाळवंटात अणुबॉम्ब फोडला तेव्हा बाबा तान्हा होता. वाळूत पालथं पडा, डोळे झाका, असा हुकूम होता. आजीने स्वतःचे डोळे उघडे टाकले आणि त्याचे झाकले. आता त्याच्या गळ्यात कॅन्सरची गाठ आहे आणि त्याला एवढंच लेखी हवंय की तो तिथे होता. फ्रेंचांच्या भरपाई कार्यालयाकडून अर्जाला उत्तर आलं, स्फोटाच्या वेळी अर्जदार जन्मलेला नव्हता.

वकिलाने विचारलं, "साक्षीदार?"

"मेले सगळे," मी म्हणाले.

"मग सोडा. साठ वर्षांत अख्खा माणूस आतून बदलतो. तेव्हाचं काय शिल्लक असणार यांच्यात?"

वर हसला. माझं डोकं फिरलं. मी अद्रारच्या इस्पितळात रक्त तपासते, हे मला शिकवणार? आतड्याचं अस्तर आठवड्याभरात नवं होतं, रक्त चार महिन्यांत, स्नायूंमधली प्रथिनंही सतत मोडतात आणि नवी घडतात. पण डोळ्यातल्या भिंगाच्या गाभ्यातली प्रथिनं आईच्या पोटात आणि पाळण्यात एकदाच घडतात. ती मरेपर्यंत तीच. आणि त्या काळी जगभरच्या बॉम्बांनी हवेत सोडलेला किरणोत्सारी कार्बन दरसाल वाढत होता, तो अन्नातून त्यांच्यात उतरला. एकोणसाठचं भिंग आणि त्रेसष्टचं भिंग प्रयोगशाळेत वेगळं कळतं. असल्याच बॉम्बांनी आमचा जन्मदाखला लिहून ठेवला होता.

बाबाच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू मागच्याच वर्षी काढला होता. मशिनने भिंगाचा लगदा करून शोषून घेतला आणि कचऱ्यात टाकला. आणि मी, शिकलेली मूर्ख, त्या दिवशी वॉर्डभर खजूर वाटत फिरले होते.

राहिला उजवा. डोळ्यांची डॉक्टर वहीबा वहरान शहराची. तिने कपाळाला आठ्या घातल्या.

"अख्खं काढायचं तर मोठा छेद घ्यावा लागेल, कल्तूम. टाके येतील. डाव्यासारखं दिसेलच असं नाही. आणि कशासाठी? कागदासाठी?"

"मला विचारा ना," बाबा म्हणाला. "डोळा माझा आहे."

"बरं हाजी, तुम्ही सांगा."

"डाव्याने चहाचा ग्लास दिसतो, पोरीचं थोबाड दिसतं. पुष्कळ झालं. उजव्याला साक्षीला पाठवा."

भिंग निघालं ते तपकिरी, मसुरीच्या मोठ्या दाण्याएवढं. नर्सने बाटलीत घालून चिठ्ठी चिकटवली: बलखीर, जन्म १९६३. ओळखपत्रावरून उतरवलं होतं.

"हे खोडा," मी म्हणाले.

"खोडाखोड केली तर नमुनाच बाद होतो, ताई. कागदावर आहे तेच लिहायचं."

मी दात-ओठ खाल्ले आणि बाटली बर्फात घालून उत्तरेकडच्या प्रयोगशाळेत पाठवली.

चार महिन्यांनी निकाल आला. एकोणसाठ, फार तर एखादं वर्ष इकडेतिकडे. मी तो अर्जाला जोडला. त्या रात्री कितीतरी दिवसांनी बाबा पोटभर जेवला.

मग त्या कार्यालयाचं पत्र आलं. मी ते मोठ्याने वाचायला घेतलं आणि मध्येच थांबले.

"वाच," बाबा म्हणाला.

"नमुना एकोणसाठच्या सुमारास जन्मलेल्या व्यक्तीचा आहे. अर्जदाराचा जन्म त्रेसष्टचा. त्या अर्थी नमुना अर्जदाराचा नाही."

मी पत्र चुरगळलं. ते परत सरळ केलं आणि पुन्हा चुरगळलं. त्या कारकुनाला, त्या नर्सला, खुर्चीत बसलेल्या त्या सगळ्यांना तोंडात येतील त्या शिव्या घातल्या. बापासमोर कधी न उच्चारलेल्याही. बाबाने ऐकून घेतलं. उजव्या डोळ्यातून पाणी गळत होतं, ऑपरेशनपासून ते सारखं गळतं.

"झालं तुझं?" त्याने विचारलं.

"नाही झालं."

"डोळा तेव्हा होता, हे तर मानलं ना त्यांनी?"

"मानलं."

"मग मला सोड. त्याच्या नावाने अर्ज कर."

तो हसत नव्हता. मी कोरा अर्ज काढला. नावाच्या रकान्यात लिहिलं, उजवा डोळा. जन्म १९५९. 'अंदाजे' हा शब्द छापलेला होता, तो मी कागद फाटेपर्यंत खोडला.